कातणं, विणणं आणि माग: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहते. नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं सूत कातते, सुयांवर तर शाळेपासून विणते आणि गेल्या तीन वर्षांपासून टेबलावर मावणाऱ्या छोट्या मागावर कापडही काढते. आतापर्यंत माझ्या हातून तीन पंचे, एक उपरणं, पाच टोपरी, दोन मफलर, मोज्यांचे दोन जोड आणि बरंचसं बिघडलेलं सूत तयार झालंय. घरी येणारे, ओळखीतले, शिकायला येणाऱ्या मुली सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझ्या अनुभवाचं आहे ते अनुभव म्हणूनच वाचा. तुमचा कापूस, तुमचा हात आणि तुमच्या गावची हवा वेगळी असेल.

सुरुवात कशी झाली? घरात कुणी कातायचं का?

आजोबा मूलोद्योग शाळेत शिकले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, कल्पना मांडली गेली आणि नंतर कितीतरी मराठी शाळांत टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची सळई, आली, त्यातलेच ते. पण मी काही त्यांच्याकडून शिकले नाही. मला कळायला लागलं तेव्हा त्यांची टकळी घरात नव्हती.

माझी सुरुवात एका स्वेटरमुळे झाली. भाच्यासाठी विणायला म्हणून मी एका दुकानातून ‘शुद्ध लोकर’ घेतली. दीड महिना विणला. पोराच्या मानेला पुरळ आलं आणि अंगाला घाम. वहिनी म्हणाली, “ताई, ही लोकर वाटत नाही गं.” मी उरलेल्या गुंड्याचं टोक चिमट्यात धरून काडी लावली. ते वितळलं, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक मणी झाला. खरी लोकर अशी जळत नाही. ती कुरकुरत जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख. माझ्या हातात होतं ते ॲक्रिलिक.

शाळेत असल्यापासून विणत होते, पण हातातला धागा कशाचा आहे हे मला ओळखता येत नव्हतं. ते फार लागलं मनाला. त्याच महिन्यात टकळी मागवली.

टकळी घ्यावी की चरखा?

टकळी. निदान पहिले दोन महिने तरी टकळीच.

पितळेची चकती आणि पोलादी सळई, बस. खिशात मावते. पण खरं कारण किंमत नाही. टकळीवर एकेक गोष्ट सुटी करून शिकता येते. टकळी फिरवायची, पीळ चढू द्यायचा, थांबवायची, मग पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल गुंडाळी, मागे ओढायचा. चरख्यावर हे सगळं एकाच वेळी चालतं आणि नवख्या माणसाला कळतच नाही की धागा नेमका कुठे बिघडला.

मी चार महिन्यांनी पेटी चरख्यावर आले. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या पेटीतल्या चरख्यावर बरंच काम केलं, म्हणून त्याला येरवडा चक्र असंही म्हणतात. एक मोठं चाक, एक लहान चाक, मध्ये त्यांना फिरवणारी दोरी म्हणजे माळ आणि बाजूला चाती, म्हणजे सूत गुंडाळलं जातं ती सळई. मिटवला की जाड पुस्तकाएवढा. माझा टकळीचा वेग तासाला ऐंशी मीटरच्या आसपास आहे, पेटी चरख्यावर दोनशे मीटर निघतं. सराव असलेली माणसं याच्या दुप्पट सहज काढतात. वेगाच्या मागे लागू नका असं मी सगळ्यांना सांगते, कारण वेग आला की हात पिळाकडे बघायचं सोडतो.

कापूस कोणता वापरता?

माझी मावशी यवतमाळ जिल्ह्यात असते. तिच्या शेजारच्या शेतात दोन तास देशी कापूस अजून लावतात. तासं म्हणजे ओळी, शेतकरी वाचकांना सांगायला नकोच. दिवाळीनंतर मावशी पाच-सहा किलो बोंडं पाठवते, सरकीसकट.

देशी कापसाचा तंतू आखूड. माझ्या कापसाचा चिमूटभर पुंजका ओढून काळ्या फडक्यावर ठेवला आणि पट्टी लावली तर वीस मिलिमीटरच्या आतबाहेर भरतो. बाजारात जो संकरित कापूस जास्त दिसतो त्याचा अठ्ठावीस-तीस मिलिमीटर येतो. सुविनसारखा लांब धाग्याचा कापूस तर पस्तिशीच्याही पुढे जातो. तंतू जितका आखूड तितका पीळ जास्त लागतो, कारण एकमेकांना धरून ठेवायला त्यांच्याकडे लांबी कमी असते.

मग सोपा म्हणून लांब धाग्याचा का नको? अगदी घ्या, सुरुवातीला तोच घ्या. पण देशी कापसाच्या कापडाला जो भरीवपणा येतो आणि ते पाणी ज्या झपाट्याने शोषतं, ते मला दुसऱ्या कापसात मिळालेलं नाही. अंग पुसायच्या पंच्याला तेच हवं.

सरकी काढायला मी पाटावर कापूस ठेवून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवते. सरकी पुढे उडते, कापूस मागे राहतो. तासाभरात मूठभर होतो. जुन्या घरांतून यासाठी लाकडी रेचा असायचा. मग पिंजायचं. माझ्याकडे हातभर लांबीचं छोटं पिंजण आहे. दोरी कापसात धरून छेडली की पुंजके सुटे होऊन ढगासारखे फुगतात. तो फुगलेला कापूस पाटावर पसरायचा आणि काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळून काडी ओढून घ्यायची, की झाला पेळू. दाबून गुंडाळलेला पेळू कातताना छळतो.

वातीच्या कापसाचं सूत निघतं का?

निघतं, आणि हा प्रश्न बायका विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो, कारण निम्मं काम त्यांना आधीच येत असतं.

माझी आजी अंगणातल्या देवकापसाच्या फुलवाती वळायची. तिचे हात आठवा म्हटलं तर मला काय दिसतं: डाव्या हाताच्या चिमटीत कापूस, उजव्या हाताने त्यातून तंतू ओढायचे, तुटायच्या आधी थांबायचं, अंगठा आणि तर्जनीमध्ये पीळ द्यायचा. कातताना हेच करतात. फक्त पीळ देण्याचं काम टकळी करते आणि वातीसारखं दोन इंचांवर न थांबता धागा पुढे चालू राहतो. वस्त्रमाळ करणाऱ्या बायकांची बोटं तर तयारच असतात. एका काकूंनी माझ्याकडे पहिल्याच दिवशी हातभर एकसारखं सूत काढलं, मला त्याला तीन आठवडे लागले होते.

जानव्याचं सूतही पूर्वी घरोघर टकळीवरच काढत. चार बोटांभोवती शहाण्णव वेढे घेऊन त्याची लांबी मोजतात. म्हणजे ही कला आपल्या घरांतून पूर्ण कधी गेलीच नव्हती, देवघरात शिल्लक होती.

दुकानातला गुंडाळीचा औषधी कापूस मात्र टाळा. तो इतका स्वच्छ केलेला असतो की तंतूवरचं नैसर्गिक मेण गेलेलं असतं. हाताला कोरडा लागतो आणि अडकतो.

माझा धागा सारखा तुटतो. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी तुटलेलं टोक बघा. टोक झुबकेदार असेल, म्हणजे तंतू एकमेकांतून नुसते निसटले असतील, तर पीळ कमी पडलाय. टोक टणक, आखडलेलं असेल आणि तुटण्याआधी धाग्याला वेटोळी पडत असतील तर पीळ जास्त झालाय. या दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. म्हणून टोक न बघता “आणखी सावकाश कात” असा सल्ला कुणी दिला तर त्याचा उपयोग होत नाही.

पीळ कमी असेल तर चाक एक-दोन फेरे जास्त फिरवल्याशिवाय हात मागे नेऊ नका. नवख्याला घाई असते ती धागा लांब करायची. पीळ आधी, लांबी मग. धागा हाताएवढा झाला की दोन फेरे जास्तीचे देऊन मग चातीवर घ्या.

पीळ जास्त असेल तर पेळूवरची पकड तपासा. बोटं घट्ट धरली की तंतू सुटत नाहीत आणि सगळा पीळ आहे त्याच धाग्यात साठत जातो. पेळू कसा धरायचा हे मी मुलींना असं सांगते: नुकतं अंड्यातून निघालेलं कोंबडीचं पिल्लू तळहातावर धरता ना, तेवढ्याच हाताने.

आता गाठी. धाग्यात जाड गाठ आली की तिच्या शेजारी हमखास बारीक जागा असते आणि धागा तिथे तुटतो. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, जाड जागी जातच नाही. म्हणजे बारीक जागा आणखी कडक होते आणि जाड जागा तशीच ढिली राहते. हे एकदा डोळ्यांनी बघा. भिंगाची गरज नाही, उन्हात धागा धरला की दिसतं. हे दिसलं त्या दिवसापासून माझं सूत सुधारलं. गाठीच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून पीळ थोडा उलटा उलगडायचा, गाठ हलकेच ओढून बारीक करायची आणि परत पीळ जाऊ द्यायचा.

तरीही तुटत असेल तर दोष तुमचा नसून चरख्याचा असू शकतो. चाती वाकली असेल तर ती फिरताना टोक थरथरतं आणि प्रत्येक थरथरीला धाग्याला हिसका बसतो. माळ फार ताणलेली असेल तर चाक जड जातं, ढिली असेल तर घसरते आणि पीळ कमीजास्त पडतो. चाती टेकते तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आठवड्यातून एकदा.

आणि हवा. मे महिन्यात दुपारी माझ्याकडे सूत टिकत नाही. कापूस कोरडा पडून विस्कटतो. पावसाळ्यात तोच कापूस शहाण्यासारखा वागतो. उन्हाळ्यात मी पहाटे कातते आणि शेजारी ओला टॉवेल वाळत टाकते.

सुताचा अंक म्हणजे काय? घरी काढता येतो का?

अंक म्हणजे सुताची बारीकता. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका अंक. म्हणून अंक मोठा तितकं सूत बारीक. घरी एवढं मोजायची गरज नाही. दहा मीटर सूत मोजा, सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन करा आणि एका ग्रॅमला किती मीटर आले ते काढा. त्याला १.७ ने भागलं की अंक मिळतो. माझं दहा मीटर सूत बरोबर एक ग्रॅम भरतं, म्हणजे साधारण सहा अंकाचं. खादीच्या जुन्या हिशोबात चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. लांबीच्या दृष्टीने ती पाऊण किलोमीटरहून थोडी जास्त भरते.

वही ठेवा. तारीख, कापूस कोणता, किती मीटर, किती वजन. माझ्या पहिल्या वर्षाच्या पानांवर तीन अंकाच्या शेजारी नऊ अंक लिहिलेला आहे, एकाच आठवड्यात. आता सहाच्या आसपास राहतो. प्रगती म्हणाल तर मी यालाच म्हणते, बारीक कातण्याला नव्हे.

कातलेलं सूत तसंच वापरायचं की काही करायचं?

उकळायचं. लड सैल बांधून घ्या, चार ठिकाणी आठच्या आकड्यात दोरे बांधा, नाहीतर गुंता होतो. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर मंद उकळा.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाबरले होते. पांढऱ्याशुभ्र सुताचं पाणी दहा मिनिटांत चहासारखं तांबूस झालं. मला वाटलं सूत खराब झालं. तसं नसतं. कापसावरचं मेण आणि बाकीचं सगळं पाण्यात उतरतं. त्यानंतरच सूत पाणी नीट पितं आणि रंगही धरतं. शिवाय पीळ बसतो. उकळण्याआधीची लड हातातून सोडली तर स्वतःभोवती वळते, उकळून वाळवलेली शांत लोंबते.

एका पंच्याला किती सूत लागतं?

माझा हिशोब देते, तुम्ही तुमचे आकडे घाला. मागावर पन्हा ५० सेंटिमीटर, लांबी दीड मीटर. माझी फणी, म्हणजे ज्यातून उभे धागे ओवतात ती, इंचाला बारा धाग्यांची आहे, म्हणजे पन्ह्यात २३६ धागे. मागाच्या दोन्ही टोकांना वाया जाणारं धरून प्रत्येक धागा २.२ मीटर. म्हणजे ताण्याला, उभ्या धाग्यांना, ५२० मीटर. बाण्याला, आडव्या धाग्याला, ३९० मीटर. एकूण ९१० मीटर दुपदरी सूत.

दुपदरी म्हणजे एकेरी सूत दुप्पट, १८२० मीटर. माझ्या अंकाने १८२ ग्रॅम. पिंजताना आणि तुटताना जाणारं धरून मी २०० ग्रॅम पेळू घेते. कातायला नऊ-दहा तास, दोन पदर एकत्र पिळायला चार तास, ताणा भरायला अर्धा दिवस, विणायला सहा-सात तास. रोज अर्धा तास बसलात तर दीड महिना. धुतल्यावर माझा पंचा १३५ बाय ४५ झाला, म्हणजे दहा टक्के आटला. हे आधीच धरून चाला.

ताण्यासाठी एकेरी सूत चालत नाही का?

निष्णात कातणाऱ्याचं चालतं. माझं चाललं नाही.

पहिला ताणा मी एकेरी सुताचाच भरला होता. चाळीस धागे तुटले. फणी पुढे-मागे होते तेव्हा प्रत्येक धाग्याला घासते. पीळ कमी असलेल्या जागी आधी पिसं उठतात, मग धागा फुलतो आणि मग जातो. रात्री अकरा वाजता मी ते सगळं कात्रीने कापून काढलं. चार आठवड्यांचं सूत होतं. त्या सुताचे तुकडे एका बरणीत ठेवलेत, आजही शिकायला येणाऱ्यांना दाखवते.

दुपदरी करताना एक गोष्ट सांभाळा. एकेरी सूत ज्या दिशेने पिळलंय त्याच्या उलट दिशेने दोन पदर एकत्र पिळायचे. उजवीकडे कातलं असेल तर डावीकडे. उलट दिशेमुळे पदर एकमेकांत बसतात आणि सूत समतोल होतं. त्याच दिशेने पिळलंत तर दोरखंडासारखं आखडतं.

आणि खळ. भाताची पेज गाळून त्यात सूत बुडवा, झटका, ताणून वाळवा. ओलं असतानाच हाताने खालीवर पुसलं की पिसं बसतात. घोंगडीवाले चिंचोक्याची खळ वापरतात, ती जास्त चिवट असते. त्यांचा आखूड, राठ लोकरीचा ताणा त्याशिवाय मागावर टिकणारच नाही. ते ताणा बाहेर मोकळ्या जागेत ताणतात आणि कुंच्याने खळ देतात. मी एकदा उभी राहून ते सगळं पाहिलंय. कुंचा एकाच दिशेने, एका लयीत जातो आणि मागून येणारा माणूस चिकटलेले धागे बोटांनी सोडवत येतो.

कोणता माग घेतला?

सर्वात साधा, ज्यात फणीच धागे वरखाली करते. पायाने दाबायची पावडी नाही, पाय सोडून बसायचा खड्डा नाही. एका धाग्याला भोक, शेजारच्याला फट. फणी वर उचलली की धाग्यांमध्ये एक वाट उघडते, खाली दाबली की दुसरी, त्यातून धोटा, म्हणजे बाण्याचा धागा गुंडाळलेली पट्टी, टाकायचा. फक्त साधी वीण निघते. पैठणी यावर होणार नाही, तो प्रश्नही मला येतो. पैठण-येवल्याच्या विणकरांचं काम पिढ्यांचं आहे. मी करते ते शिकाऊ काम आहे.

काठ सरळ ठेवायला सोपा उपाय: बाण्याचा धागा सरळ न टाकता थोडा तिरका, कमानीसारखा टाका आणि मग फणीने ठोका. नाहीतर पन्हा आत ओढला जातो. माझ्या उपरण्याचा पन्हा एका टोकाला ४८ आहे आणि दुसऱ्या टोकाला ४१.

आपल्याकडच्या मेंढ्यांची लोकर कातता येते?

येते. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, आखूड असते, बहुतेक काळी किंवा करडी. स्वेटरला नको, अंगाला टोचते. घोंगडी, आसन, पायपुसणं, पिशवी यासाठी उत्तम. कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती मात्र मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीला म्हणूनच मान आहे.

आमच्या भागात सुगीनंतर धनगर शेतात मेंढरं बसवतात. तिथेच मी पहिली लोकर घेतली. एका आजोबांनी विचारलं, “काय करणार हिचं? आता तर कुणी नेत बी न्हाई.” मी टकळी दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, मांडीवर फिरवली आणि बोलता बोलता हातभर धागा काढून दिला. तो धागा माझ्या वहीत चिकटवलेला आहे. त्यांचा पीळ माझ्यापेक्षा ढिला आणि तरी धागा मजबूत, कारण लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात.

त्याच खवल्यांमुळे लोकर धुताना सांभाळायचं. गरम पाण्यात भिजत ठेवा, ढवळू नका, चोळू नका आणि गरमातून एकदम गार पाण्यात घालू नका. नाहीतर तंतू एकमेकांत घट्ट गुंतून नमदा होतो.

हातच्या सुतावर सुयांनी विणता येतं का?

येतं, पण कापसाला ताण नसतो हे लक्षात ठेवा. लोकरीचा एक सुलट, एक उलट असा काठ ओढून सोडला की परत आवळतो, सुताचा तसाच पसरून राहतो. म्हणून सुती टोपऱ्याचा काठ मी दोन नंबर बारीक सुईवर घालते. आपल्याकडच्या सुयांचा नंबर उलटा असतो हे नवीन मुलींना माहीत नसतं: आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५, बारा नंबर २.७५.

नमुन्याचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मगच मोजा. माझ्या सुतावर दहा नंबर सुईने दहा सेंटिमीटरला बावीस टाके येतात. बाळाचं डोकं ३६ सेंटिमीटर, म्हणजे ७९. मी ८० घालते, चाराने भाग जातो म्हणून. नमुना न धुता मोजला तेव्हा टोपरं भावलीला बसेल एवढं झालं होतं.

रंग कसे देता?

थोडंच केलंय. कापसाला आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग रंग. डाळिंबाच्या सालीचा पिवळा टिकतो, मंजिष्ठाचा तांबडा सुंदर येतो. हिरड्यावर लोखंडाचं पाणी दिलं तर राखाडी-काळा. हळद मोहात पाडते, पण उन्हात उडून जाते.

कसर लागू नये म्हणून काय करावं?

कापसाला फारसा त्रास नाही. लोकर मात्र धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवा आणि दर महिन्याला उन्हात उलगडा. कडुनिंबाचा पाला मीही घालते, पण भिस्त उन्हावर.

हे विकता का? विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं का?

विकत नाही. स्वस्त मुळीच पडत नाही. पंच्याचे बावीस-पंचवीस तास वर मोजलेच आहेत. त्या तासांची मजुरी लावली तर तो कुणी घेणार नाही, आणि मजुरी न लावता विकला तर जे पोटासाठी काततात-विणतात त्यांच्या कामाची किंमत मी पाडते. ते मला मान्य नाही. हातमागाचा पंचा महाग वाटतो असं कुणी म्हणालं की मी त्यांना अर्धा तास टकळी देते.

हे सगळं बघायला कुठे जावं?

वर्ध्याचं मगन संग्रहालय. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं, त्यांचे सहकारी मगनलाल गांधींच्या नावाने. तिथे चरख्यांचे किती प्रकार झाले ते एका ठिकाणी बघायला मिळतं. मी एका चाती-माळेपाशी अर्धा तास उभी होते. सेवाग्राम तिथून जवळ आहे, पवनारही. घोंगडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडची गावं. सणगर विणकरांच्या दारात विचारून जा. काम चालू असताना प्रश्न विचारू नका. ताणा भरून झाल्यावर ते स्वतःच चहा सांगतात आणि मग बोलतात.

सध्या मागावर काय आहे?

एक आसन. ताणा सुताचा, बाणा त्या धनगर आजोबांकडून घेतलेल्या काळ्या लोकरीचा. राठ बाणा असल्यामुळे फणी जोरात ठोकावी लागते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू झोपायच्या आत थांबावं लागतं. हातभर झालंय. कालच डाव्या काठाचा तिसरा धागा तुटला. त्याला नवीन धागा गाठ न मारता सुईने चार इंच शेजारून ओवला आहे. दोन्ही टोकं अजून बाहेर लोंबतायत, ती कापड मागावरून काढून धुतल्यावरच कापायची.